साथीच्या काळात पाणी आणि गडरलाईन चालू ठेवायची, तर आधी माणसं सांभाळा

नागपूरजवळच्या एका नगर परिषदेत पाणीपुरवठा आणि मलनिस्सारण (म्हणजे आपली गडरलाईन, सांडपाण्याची भुयारी लाईन) हे दोन्ही विभाग एका तरुण अभियंत्याकडे आले आहेत. कोविड आला तेव्हा ते कॉलेजात होते. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत. पुन्हा तशी साथ आली तर क्लोरीन वाढवायचं का? सांडपाण्यातून रोग पसरतो का? आणि निम्मी माणसं आजारी पडली तर प्लांट चालवायचा कसा?

माझी बहुतेक नोकरी नागपुरात जलशुद्धीकरण केंद्रावर आणि नंतर सांडपाण्याच्या कामात गेली. तुमचा तिसरा प्रश्न मी पहिला घेतो, कारण बाकीच्या दोघांची उत्तरं त्याच्यावर उभी आहेत. कोविडसारख्या साथीत नळाच्या पाण्याला विषाणूपासून फारसा धोका नसतो. धोका असतो तो पाणी शुद्ध करणारी माणसं एकाएकी कामावरून नाहीशी होण्याचा. क्लोरीनच्या खोलीत काम करू शकणारे चार जण असतील आणि ते एकाच खोलीत डबा खात असतील, तर एका संसर्गात तुमचं शहर अडचणीत येतं.

११ मार्च २०२० ला नागपुरात पहिला रुग्ण सापडला आणि दोन आठवड्यांत लॉकडाऊन लागला. त्या वेळी शहराला रोज ६०० दशलक्ष लिटरांहून जास्त पाणी लागत होतं आणि ते एक दिवसही थांबवता येणार नव्हतं. पेंच नदीवरच्या नवेगाव खैरी धरणाचं पाणी कालव्यानं महादुल्यापर्यंत, तिथून गोरेवाडा-गोधनीच्या केंद्रांवर आणि पुढे शहरभरच्या जलकुंभांत जातं. दुसरीकडून कन्हान नदीचं पाणी येतं. या साखळीत प्रत्येक ठिकाणी कोणीतरी माणूस उभा असतो. तुमच्या गावात साखळी लहान असेल, पण म्हणूनच ती जास्त नाजूक आहे. आमच्याकडे एक फिटर आजारी पडला तर दुसऱ्या केंद्रावरून आणता येत होता. तुमच्याकडे तो एकच असतो.

तर पहिलं काम म्हणजे एका कागदावर माणसांची नावं न लिहिता कामं लिहा. फिल्टरचा बॅकवॉश (उलट्या पाण्यानं धुणं) कोण करतो? क्लोरिनेटर कोण लावतो? जार टेस्ट, म्हणजे तुरटीचा डोस ठरवायची चाचणी, कोणाला येते? पंपाचा स्टार्टर बिघडला तर कोण उघडतो? व्हॉल्व कुठे गाडलेत हे कोणाला ठाऊक आहे? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक गावांत एकच असतं: एक म्हातारा व्हॉल्वमन, आणि त्याच्या डोक्यातला नकाशा. तो नकाशा आजच कागदावर उतरवून घ्या. त्याच्याबरोबर दोन पोरं महिनाभर फिरवा. प्रत्येक कामापुढे किमान तीन नावं आली पाहिजेत. निवृत्त झालेल्यांचे फोन नंबरही लिहून ठेवा. मात्र साठीच्या पुढचा, शुगर-बीपी असलेला माणूस साथीत प्लांटवर बोलवू नका. त्याला फोनवर ठेवा, तो फोनवरूनही फार उपयोगी पडतो.

मग तुकड्या पाडा. अ तुकडी आणि ब तुकडी एकमेकांना भेटताच कामा नयेत. पाळी बदलताना चार्ज तोंडी न देता रजिस्टरवर आणि फोनवर द्यायचा. आधीची तुकडी बाहेर पडल्यावर कंट्रोल रूमची दारं-खिडक्या उघडून हवा खेळू द्यायची, हँडल आणि स्विच पुसायचे, मगच दुसरी तुकडी आत येईल. साथ फारच वाढली तर एक तुकडी आठ-दहा दिवस प्लांटवरच मुक्कामाला ठेवावी लागते. त्यासाठी गाद्या, संडास-न्हाणी, दोन वेळचं जेवण आणि घरी किराणा पोचवणारा माणूस ही तयारी आधी हवी. घरी आईवडिलांना औषध मिळतंय की नाही या काळजीत असलेला ऑपरेटर क्लोरीनच्या टनरपाशी (मोठ्या सिलिंडरपाशी) उभा राहू नये.

यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मी जोर देऊन सांगतो. ठेकेदाराच्या माणसाला आजारपणाची भरपगारी रजा द्या. कायम नोकरीतला माणूस ताप आला की घरी थांबतो. रोजावरचा माणूस क्रोसिन घेऊन कामावर येतो, कारण आला नाही तर त्याच्या घरी चूल पेटत नाही. तो येतो आणि अख्खी तुकडी आडवी होते. ठेक्याच्या अटींत ही रजा आधीच घातली नसेल, तर साथीच्या धांदलीत ती कोणी घालत नाही.

आता क्लोरीन. कोरोनासारख्या विषाणूवर चरबीचं आवरण असतं आणि क्लोरीनपुढे ते टिकत नाही. नीट निवळलेलं, गाळलेलं आणि क्लोरीन दिलेलं पाणी त्याच्यासाठी पुरेसं आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये सांगितलं तेही हेच: पीएच ८ च्या खाली असताना किमान ३० मिनिटं संपर्क, आणि त्यानंतर लिटरला ०.५ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक. आपलं पिण्याच्या पाण्याचं आयएस १०५०० हे मानक एरवी किमान ०.२ मागतं, पण विषाणूंपासून संरक्षण हवं असेल तेव्हा ०.५ मागतं. त्याच मानकात वरची मर्यादा १ आहे. म्हणजे तुमची पट्टी ०.५ ते १. तीही टाकीवर नको, शेवटच्या घरच्या नळावर हवी. प्लांटवर २ दाखवून समाधान मानणारे लोक मी पुष्कळ पाहिलेत. पाइपलाइनच्या टोकाला, जिथे पाणी सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात कमी दाबानं येतं, तिथे नमुना घ्या.

तेव्हा "क्लोरीन वाढवायचं का?" याचं उत्तर: टोकाला ०.५ मिळत नसेल तर वाढवा. मिळत असेल तर साथ आहे म्हणून आणखी ओतू नका. पाण्याला उग्र वास आला की लोक नळाचं पाणी सोडून जवळच्या विहिरीचं किंवा बोअरचं पाणी प्यायला लागतात, आणि मग कावीळ, गॅस्ट्रो सुरू होतो. आणि डोस बदलण्याआधी गावातल्या डायलिसिस सेंटरला फोन करा. पाण्यातलं क्लोरीन आणि क्लोरामाइन त्यांच्या कार्बन फिल्टरनं अडवावं लागतं. ते रक्तात गेलं तर तांबड्या पेशी फुटतात. हा फोन करायचं सहसा कोणाला सुचत नाही.

पीएचकडे लक्ष असू द्या. ७.५ च्या आसपास मुक्त क्लोरीन निम्मं जोरदार रूपात आणि निम्मं मंद रूपात असतं. पीएच ८ च्या वर गेला की तोच ०.५ चा आकडा बराच दुबळा होतो.

नागपूरच्या उन्हाळ्यात आणखी एक अडचण येते. मे महिन्यात ४५-४६ अंशांत पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेली टीसीएल (ब्लीचिंग) पावडर आणि हायपोचे (सोडियम हायपोक्लोराइटचे) कॅन आपोआप कमजोर होतात. पोत्यावर ३३ टक्के लिहिलेलं असतं. पोतं फुटलेलं असेल, जुनं असेल तर आत २० टक्केही निघत नाही. हिशोब करून बघा. १० लाख लिटरच्या टाकीला लिटरमागे २ मिलिग्रॅम द्यायचं म्हणजे २ किलो क्लोरीन. ३३ टक्क्यांची पावडर असेल तर ६ किलो लागते, २० टक्क्यांची असेल तर १०. पोत्यावरचा आकडा धरून ६ किलो टाकलीत तर टोकाच्या वस्तीला काहीच उरत नाही, आणि रजिस्टरमध्ये मात्र डोस बरोबर दिसतो. म्हणून साठा करा, पण सावलीत, हवेशीर आणि कोरड्या जागी, आधी आलेलं आधी वापरून. दर आठवड्याला ताकद तपासा. टोकाच्या नमुन्यासाठी जुन्या ओटी (ऑर्थोटोलिडीन) चाचणीपेक्षा डीपीडी हे रंगावरून क्लोरीन मोजायचं किट वापरा, कारण मुक्त आणि एकूण क्लोरीन त्यात वेगळं कळतं.

साठा किती? तुरटी किंवा पीएसी (पॉली ॲल्युमिनियम क्लोराइड) आणि क्लोरीन मिळून किमान महिनाभराचं असावं, आणि दोन वेगवेगळ्या मार्गांनी येणारं असावं. क्लोरीन कॉस्टिक सोड्याबरोबरच तयार होतं. मिठाच्या पाण्यातून वीज सोडली की दोन्ही एकदम निघतात. कागद, कापड, साबणाचे कारखाने बंद पडले की कॉस्टिकचा खप थांबतो, कारखाना उत्पादन कमी करतो, आणि तुमच्या क्लोरीनवर नेमकी गरजेच्या वेळी टाच येते. अमेरिकेत ऑर्लँडो शहरात २०२१ च्या ऑगस्टमध्ये असंच वेगळ्या वस्तूचं झालं. तिथे पाणी ओझोननं शुद्ध करतात, ओझोनला द्रवरूप ऑक्सिजन लागतो, आणि तो रुग्णालयांकडे वळवावा लागल्यानं कमी पडला. महापौरांना लोकांना बागेला पाणी घालू नका असं सांगावं लागलं. आपल्याकडे साथीच्या सुरुवातीला हायपो रस्त्यांवर आणि चक्क माणसांवर फवारलं जात होतं. १८ एप्रिल २०२० ला केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं माणसांवर फवारू नका असा स्पष्ट सल्ला दिला. तुमच्याकडे फवारणीसाठी पाणी विभागाचे कॅन मागायला कोणी नगरसेवक आले, तर हात जोडून नाही म्हणा. तो साठा पिण्याच्या पाण्याचा आहे.

क्लोरीनच्या खोलीबद्दल एक गोष्ट कोविडनं शिकवली, ती कुठल्याच जुन्या नियमपुस्तकात नव्हती. गळती आधी नाकाला कळते, यावर आपण सगळे नकळत विसंबून असतो. कोविडनंतर अनेकांचा वास घेण्याचा गुण आठवडे न् आठवडे परतला नाही. असा माणूस तापातून बरा होऊन, रिपोर्ट निगेटिव्ह घेऊन कामावर येतो, आणि टनरचा सांधा गळतोय हे त्याला कळतच नाही. म्हणून आजारातून परतलेल्या प्रत्येकाला विचारा, फोडणीचा वास येतो का? येत नसेल तर क्लोरीन आणि गडर ही दोन्ही कामं त्याला देऊ नका. खोलीत गॅस डिटेक्टर असावा, अमोनियाची टॉर्च (अमोनियात भिजवलेला बोळा, गळतीपाशी पांढरा धूर होतो) हाताशी असावी, आणि दोघांशिवाय आत कोणी जाऊ नये, माणसं कितीही कमी असली तरी. तोंडावरचा एन-९५ क्लोरीन वायू अडवत नाही, हेही नव्या पोरांना स्पष्ट सांगावं लागतं.

माणसं खरंच कमी पडली तर काय सोडायचं? मीटर रीडिंग सोडा, नवीन नळजोडण्या सोडा, वसुली सोडा, रंगरंगोटी सोडा. पाण्याचा दाब सोडू नका. "ऑपरेटर नाहीत, एक दिवसाआड पाणी देऊ" हा सगळ्यात सोपा वाटणारा आणि सगळ्यात घातक निर्णय आहे. पाइपमधला दाब गेला की शेजारच्या गडरलाईनचं पाणी फुटक्या सांध्यातून आत ओढलं जातं. त्यात आपल्याकडे नळाला लावून लाईनमधलं पाणी ओढणारे टिल्लू पंप. लॉकडाऊनच्या उन्हाळ्यात अख्खं घर घरात, दिवसभर कूलर चालू, पाण्याची मागणी वाढलेली, आणि गल्लीत दर दुसऱ्या घरी टिल्लू. शेवटच्या घराला पाणी नाहीच, वरून लाईनमध्ये उलटा ओढा. त्या काळात टिल्लू जप्तीची पथकं फिरवणं शक्य नसतं. मग पाण्याच्या वेळेत त्या फिडरची वीज अर्धा-पाऊण तास बंद ठेवता येईल का, हे महावितरणशी बोलून बघा. मात्र त्या फिडरवर घरी ऑक्सिजन मशीनवर असलेला रुग्ण नाही ना, याची खात्री करूनच.

दिल्लीचं १९५५-५६ चं उदाहरण प्रत्येक पाणी अभियंत्यानं लक्षात ठेवावं. पुरानंतर नजफगड नाल्याचं पाणी वझिराबादच्या उपसा केंद्रापर्यंत मागे आलं. केंद्रावर तुरटी आणि क्लोरीन वाढवलं गेलं. टायफॉइड, हगवण वाढली नाही, पण सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. जिवाणू मारायला पुरलेलं क्लोरीन त्या विषाणूला पुरलं नाही. पुढची साथ कोरोनासारखी हळव्या आवरणाच्या विषाणूची असेलच असं नाही. काविळीचा विषाणू चिवट असतो. क्रिप्टोस्पोरिडियम या पाण्यातल्या परजीवीवर तर क्लोरीनचा जवळजवळ परिणामच होत नाही. १९९३ मध्ये मिलवॉकी शहरात त्यामुळे ४ लाखांवर लोक आजारी पडल्याचा अंदाज आहे. तिथे वाचवतो तो फिल्टर. गढूळपणा १ एनटीयूच्या (गढूळपणा मोजायचं एकक) खाली ठेवा. कन्हानला पूर येतो तसा तुमच्याही नदीला येणार. २०२० च्या ऑगस्टअखेरीला पेंच-कन्हान-वैनगंगेला मोठा पूर आला आणि सप्टेंबरात नागपुरात कोविडचा कहर होता. संकटं एकेक करून येत नाहीत, तेव्हा जार टेस्ट येणारा माणूस सुट्टीवर असला तरी दुसरा हवाच.

सांडपाण्याकडे येतो. कोविड रुग्णांच्या विष्ठेत विषाणूचे जनुकीय अंश सापडले, गडरच्या पाण्यातही सापडले. पण गडरच्या पाण्यातून कोणाला कोविड झाल्याचा पुरावा जागतिक आरोग्य संघटनेला मिळाला नाही. त्यामुळे "कोविड वॉर्डाचं पाणी आलंय, आम्ही चेंबर उघडणार नाही" अशी भीती कामगारांनी घेतली, तर त्यांना रागावू नका, समजावून सांगा. त्यांना जे जपायचं आहे ते गडरच्या नेहमीच्या जंतूंपासून, शिंतोड्यांपासून आणि विषारी वायूपासून: हातमोजे, गमबूट, डोळ्यांवर चष्मा किंवा फेस शील्ड, काम झाल्यावर साबण-पाणी, आणि कपडे धुण्याची सोय कामाच्या जागीच. उन्हाळ्यात दुपारी हे सगळं अंगावर घालून काम होत नाही, म्हणून जेटिंग-सक्शनची (मशीननं लाईन फोडून गाळ ओढायची) कामं पहाटे लावा.

आणि कुठल्याही परिस्थितीत माणूस चेंबरमध्ये उतरवू नका. सुरक्षेच्या साधनांशिवाय उतरवणं हा २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. साथीत मशीनचा ड्रायव्हर आजारी असतो, लाईन चोक असते, लोकांचे फोन येत असतात, आणि कोणीतरी म्हणतं, "साहेब, पाच मिनिटांचं काम आहे." त्या पाच मिनिटांत हायड्रोजन सल्फाइडनं माणसं गेली आहेत. लोकांच्या दारात दोन दिवस घाण पाणी उभं राहिलं तर तक्रार होईल, शिव्या पडतील. त्या तुम्ही घ्या. ऐवजदार (बदली सफाई कामगार) असो की ठेक्याचा, त्या माणसाच्या घरी तोच कमावता असतो.

प्रतिबंधित क्षेत्रं झाली की आणखी एक घोळ होतो. नागपुरातल्या सतरंजीपुरा, मोमिनपुऱ्यासारख्या दाट वस्त्या २०२० च्या एप्रिल-मेमध्ये बंद केल्या गेल्या. अशा वेळी बांबू-पत्रे ठोकणाऱ्याला खाली व्हॉल्वचा किंवा गडरचा चेंबर आहे हे माहीत नसतं. पोलीस आणि महसूल विभागाला तुमचा चेंबरचा नकाशा आधी द्या आणि व्हॉल्वमनचे पास पहिल्याच दिवशी काढा.

रुग्णालयांना सांगा की हायपो वॉर्डाच्या फरशीसाठी आहे, बादल्या भरून नाल्यात ओतण्यासाठी नाही. रुग्णालयाचा छोटा एसटीपी (सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट) जिवाणूंवर चालतो. जास्त क्लोरीन गेलं की ते जिवाणूच मरतात आणि प्रक्रिया न झालेलं पाणी पुढे येतं. संडासाच्या ॲसिडबरोबर हायपो मिसळला तर क्लोरीन वायू निघतो, हे सफाईच्या बायकांना त्यांच्या भाषेत, बाटल्या दाखवून सांगा.

मलशुद्धीकरण केंद्र बंद पडलं तर फक्त नदी घाण होते, असं समजू नका. नागपुरातल्या भांडेवाडीच्या केंद्राची १३० एमएलडीची (रोज १३० दशलक्ष लिटरांची) क्षमता कोराडीच्या वीज केंद्राला पाणी देण्यासाठी उभी राहिली. भांडेवाडीचा ऑपरेटर आजारी, म्हणजे गाळ वाढला, पाणी घटलं, वीज केंद्राच्या पाण्यावर ताण, आणि ती वीज आपल्याच पंपांची. तुमच्याकडे प्रक्रिया केलेलं पाणी कोण घेतं, ते शोधून त्यांच्याशी आधीच बोलून ठेवा.

सांडपाणी तपासून साथीचा अंदाज घेता येतो, हेही खरं आहे. रुग्णालयात गर्दी व्हायच्या काही दिवस आधी गडरच्या नमुन्यात वाढ दिसू शकते, कारण लक्षणं नसलेले लोकही संडासला जातात. तुम्ही प्रयोगशाळा काढायची गरज नाही. नागपुरात १९५८ पासून नीरी (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) आहे. तुम्ही फक्त नमुने घ्यायची जागा ठरवा, ठरावीक वेळी, दिवसभरात थोडं थोडं जमवलेला एकत्रित नमुना, बर्फात ठेवून. एकदा बाटली बुडवून घेतलेल्या नमुन्यावर फारसं काही कळत नाही.

बंद इमारतींचं थोडक्यात. शाळा, वसतिगृहं, मंगल कार्यालयं महिनोन्महिने बंद राहिली की टाकीतलं क्लोरीन उडून जातं आणि नळातलं साचलेलं पाणी खराब होतं. उघडण्याआधी टाकी धुवा, सगळे नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडा. नहाणी ट्रॅपमध्ये (फरशीवरच्या जाळीखाली पाणी धरून ठेवणारा वाकलेला भाग) पाणी ओता. ट्रॅप सुकला की गडरची हवा खोलीत येते. २००३ च्या सार्स साथीत हाँगकाँगच्या आमॉय गार्डन्स इमारतींत सुकलेल्या ट्रॅपमधून विषाणू घराघरांत गेला आणि ३०० हून जास्त लोक आजारी पडले. मी सांडपाण्याचा धोका कमी म्हटला तो लाईनमधला. घरातल्या सुकलेल्या ट्रॅपला ते लागू नाही. विलगीकरणासाठी वसतिगृह किंवा आमदार निवासासारखी जागा घेतली जाते, तेव्हा हे आधी बघा.

शेवटचं कागदी काम. भरपगारी रजा, मुक्कामी तुकडीचं जेवण, महिनाभराचा रासायनिक साठा, आणि आणीबाणीत थेट खरेदीची मर्यादा, या चार गोष्टींचा एक ठराव मुख्याधिकाऱ्यांमार्फत सर्वसाधारण सभेत आत्ताच मंजूर करून घ्या. साथीत सभा भरत नाही आणि लेखा विभाग मंजुरीशिवाय बिल काढत नाही. ठरावासोबत तुमची ती कामांची यादी जोडा, आणि दर सहा महिन्यांनी तिच्यातली नावं तपासा, कारण ठेकेदार बदलला की अर्धी नावं जुनी झालेली असतात.